दोन पाण्यांची मोहरी

मोहरी फुलली की मला राग येतो. हे वाक्य चारचौघांत बोलायची सोय नाही, म्हणून इथे लिहिते.

पौष लागला की धुळ्याहून जळगावकडे येताना, पारोळा सोडल्यावर रस्त्याच्या कडेला दोन-तीन ठिकाणी पिवळे तुकडे दिसू लागतात. आपल्याकडे मोहरी तशी नावालाच. कुणी गव्हाच्या कडेने चार ओळी पेरतो, कुणी हौसेने अर्धा एकर. पण त्या अर्ध्या एकरापाशी गाड्या थांबतात. नवी जोडपी उतरतात, नवरा मोबाइल धरून ‘अजून आत, अजून थोडी आत’ म्हणत राहतो आणि ती बिचारी साडी सावरत रोपं तुडवत आत जाते. परवा बसमध्ये शेजारच्या बाई म्हणाल्या, ‘काय छान दिसतंय ना हो?’ मी ‘हो’ म्हटलं. काय सांगणार त्यांना? मला त्या पिवळ्या रंगात धूर दिसतो आणि नाकात फोडणीचा वास येतो, हे सांगितलं असतं तर त्या उठून दुसऱ्या बाकावर बसल्या असत्या.

मी मोहरीची पैदासकार आहे. जळगाव-पाचोरा रस्त्यावर एका बियाणे कंपनीचं शेत आहे, तिथे काम करते. आठवडाभर तिथे, रविवारी धुळ्याला आईकडे. माझ्या आईला सगळे अक्का म्हणतात, मीसुद्धा. आमच्या कामाचं मर्म मी अक्काला किती वेळा समजावलं असेल त्याला गणती नाही. मोहरीच्या तेलात इरुसिक नावाचं एक आम्ल असतं. आपल्या देशी मोहरीत ते भरपूर. ते कमी असलेलं तेल खायला जास्त चांगलं, असं आता सगळीकडे मानतात. हे आम्ल बनवायचं काम मोहरीतली दोन जनुकं करतात. परदेशातून आलेल्या एका वाणात ही दोन्ही जनुकं निजलेली आहेत, पण तो वाण इतका नाजूक की आपल्याकडचं माघातलं ऊनही त्याला सोसत नाही. आपली मोहरी काटक, पण तेल जुनंच. मग या दोघांचं लग्न लावायचं. होणाऱ्या लेकरांतून हवं ते निवडायचं, त्याचं पुन्हा आपल्या मोहरीशी लावायचं, पुन्हा निवडायचं. असं करत करत झाड सगळं आपलं आणि निजलेली ती दोन जनुकं तेवढी परकी, इथपर्यंत पोचायचं.

अक्का हे सगळं ऐकून घेते. मग खलबत्त्यात लोणच्याची मोहरी कुटते, चिमूटभर नाकापाशी नेते, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हुंगते आणि म्हणते, ‘मोहरी नाकले चढनी नही, ते मोहरी कसानी? तू शिकीसन हाईच करस का?’ शिकून हेच करतेस का, म्हणे!

अगं, झणका वेगळा आणि इरुसिक वेगळं! झणक्याला मी हातसुद्धा लावलेला नाही! हे मी अक्काला सांगितलं, शेतकऱ्यांना सांगितलं, विक्रेत्यांना सांगितलं, कंपनीच्या वार्षिक बैठकीत पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं. बैठक संपल्यावर हिशेब बघणारे गृहस्थ जवळ येऊन म्हणाले, ‘मॅडम, थोडा झणका ठेवा बरं का.’ पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच.

कंपनीचे मालक कांतिभाऊ. त्यांचे पणजोबा मारवाडातून आले, जळगावात दुकान टाकलं, आणि आता कांतिभाऊ इतके खानदेशी झालेत की भरिताशिवाय त्यांचा हिवाळा जात नाही. पण घरातलं लोणचं अजून सरसूच्या, म्हणजे मोहरीच्या, तेलातलंच. मोहरीचं काम त्यांनी हौसेपोटी सुरू केलं हे खरं, पण त्यांच्या डोक्यात एक हिशेबही होता. ‘ताई,’ ते म्हणायचे, ‘केळीला पाजता पाजता रावेरकडच्या विहिरी तळाला गेल्या. मला दोन पाण्यांत येणारं काहीतरी द्या. आणि तेल असं द्या की बाटलीवर छातीठोकपणे लिहिता आलं पाहिजे.’ मला माणूस आवडला. आजही आवडतो. फक्त घाई त्यांच्या रक्तात आहे आणि मोहरीला घाई कळत नाही.

मोहरी वर्षातून एकदाच येते. थंडी पडल्याशिवाय ती धड फुलत नाही. मोठ्या संस्था उन्हाळ्यात थंड डोंगरावर जाऊन आणखी एक पिढी काढतात, आमची तेवढी ऐपत नाही. म्हणजे आमची दरवर्षी एकच परीक्षा, आणि नापास झालं की थेट पुढच्या दिवाळीची पेरणी. बाकी विज्ञान कुठल्या कुठे गेलंय. पूर्वी झाड कसं निघालं हे कळायला बी पिकेपर्यंत थांबावं लागे. आता रोप चार पानांवर असतानाच मी पानाचं टिकलीएवढं वर्तुळ कापते, बारक्या नळीत टाकते, बर्फाच्या डब्यात घालून प्रयोगशाळेला पाठवते. तिथे डीएनए काढून मार्कर बघतात. मार्कर म्हणजे जनुकाशेजारची खूण, घराच्या दारावर पाटी असते तशी. कोणत्या रोपात आपलं हवं ते उतरलंय, हे फुलायच्या आधी कळतं. उगाच हजार झाडं वाढवत बसावं लागत नाही.

त्या फुलण्याच्या दिवसांच्या सकाळी मला अजून बोटांत आठवतात. गिरणा नदीकडून असं गार वारं यायचं की चिमटा हातात धरला तरी तो हातात आहे हे कळायचं नाही. उमलायच्या बेतातली कळी हलकेच उघडायची, आतले सहा पुंकेसर एकेक करून काढायचे, दुसऱ्या झाडाचा पराग टेकवायचा आणि वर कागदी पिशवी बांधायची, म्हणजे मधमाश्यांना आपलं शहाणपण चालवता येत नाही. कळी मोडली तर गेली. शेजारच्या शेतात बायका पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळली झाडं, उपटत असायच्या, त्यांचं बोलणं ऐकू यायचं. एकदा एकीने कुंपणापाशी येऊन विचारलं होतं, ‘ताई, फुलेसले टोप्या कसाले घालतस?’ मी म्हटलं, थंडी वाजते त्यांना. ती हसली नाही. तिला ते पटलं असावं.

आता त्या हंगामाबद्दल.

टाळेबंदीची वर्षं सरली होती. शेवटचा संकर झाला होता, त्याच्या बियांतून झाडं वाढवली होती, प्रत्येक झाड पिशवीत घालून स्वतःच्याच परागाने फळवलं होतं. त्यांच्या लेकरांत दोन्ही जनुकं जोडीने निजलेलं झाड सोळांत एखादंच निघतं. मार्करनी ती मूठभर झाडं शोधून दिली होती आणि ती आपल्या मोहरीसारखीच उभी होती, तशीच काटक, तशीच भरलेल्या शेंगांची. मी त्यांच्याकडे बघायला दिवसातून कितीदा जायचे कोण जाणे. कांतिभाऊंनी स्वच्छ सांगितलं होतं, ‘ताई, यंदा बी हातात आलं तर पुढच्या वर्षी मोठा प्लॉट. नाही आलं तर ती जमीन कांद्याच्या बियाण्याला.’

बी हातात आलं होतं. झाडं कापून जुड्या बांधल्या, प्रत्येक जुडीला ॲल्युमिनियमची नंबराची पट्टी तारेने अडकवली आणि त्या वाळत ठेवल्या. मळणी चार दिवसांवर होती.

आणि माघात आभाळ आलं. रिमझिमच होती, पण शेंगांवरच्या कागदी पिशव्या ओल्या झाल्या. ओल्या पिशवीत शेंगा बुरसतात, म्हणून मी त्या काढल्या आणि जुड्या पत्र्याच्या शेडमध्ये मागच्या भिंतीला टेकवून उभ्या केल्या. दोन दिवसांनी ऊन पडलं. त्याच दिवशी कांतिभाऊंची भरीत पार्टी होती. रावेर, मुक्ताईनगर, पाचोरा, सगळीकडचे विक्रेते यायचे होते.

खानदेशाबाहेरच्यांना भरीत पार्टी म्हणजे काय ते सांगायला हवं. ही पार्टी शेतातच होते. हिरवी, पांढरट, हातभर वांगी लागतात आणि ती गॅसवर नाही, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर भाजायची असतात. जाळ मोठा हवा आणि एकदम हवा, म्हणजे साल करपते आणि आतला गर लोणी होतो. मग ती सोलून लाकडी बडगीत मिरच्या-लसणाबरोबर ठेचतात. आमच्या शेतावर हे काम दगडूआबांचं. आबा शेताचे राखणदार, वयाने माझ्या वडिलांएवढे, बोलणं मोजकं. वांगं भाजलं की नाही हे ते देठ दाबून सांगतात आणि त्यात कुणी लुडबुड केलेली त्यांना चालत नाही.

दुपार कलली होती. मी विक्रेत्यांच्या घोळक्यात सतरंजीवर बसून माझ्या मोहरीबद्दल सांगत होते. पहिल्यांदाच लोक नीट ऐकत होते. रावेरचे एक जाडजूड भाऊ तर पुढे सरकून विचारत होते, की पाणी खरंच दोनदाच ना? मी म्हटलं, दोनदाच. तेवढ्यात मागून तडतड आवाज आला. आधी थोडा, मग जोरात, दिवाळीच्या लवंगी फटाक्यांची माळ लागावी तशी. आणि वास आला. खमंग, ओळखीचा, भूक खवळणारा.

‘वा!’ रावेरचे भाऊ म्हणाले. ‘फोडणी पडली वाटतं.’

‘हो,’ मी म्हटलं, आणि पुढे मार्करबद्दल सांगत राहिले.

भरीत अप्रतिम झालं होतं. हे मला लिहायचं नव्हतं, पण झालं होतं. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या, कांद्याची पात, आणि ते भरीत. मी दोनदा वाढून घेतलं. मग हात धुऊन म्हटलं, चला, तुम्हाला जुड्याच दाखवते. आम्ही शेडमध्ये गेलो. मागच्या भिंतीला ट्रॅक्टर उभा होता.

ट्रॅक्टर ड्रायव्हरने आदल्या रात्री पावसाच्या भीतीने ट्रॅक्टर आत घेतला होता. जागा हवी म्हणून जुड्या उचलून, नीट, अगदी काळजीने, शेडमधल्या पऱ्हाट्यांच्या ढिगावर ठेवल्या होत्या. बाहेरच्या पऱ्हाट्या भिजलेल्या. आबा आत आले आणि ढिगावरच्या वरच्या वर कोरड्या काड्या घेऊन गेले. यात चूक कोणाची? मी इतकी वर्षं शोधते आहे, मला एकही माणूस सापडत नाही. राग आहे आणि तो टांगायला खुंटी नाही, याहून वाईट काही नसतं.

मी भट्टीपाशी गेले. राखेत काठीने उकरलं. पट्ट्या सापडल्या. ॲल्युमिनियमच्या काही पट्ट्या वितळून वाकल्या होत्या, काहींवरचे नंबर अजून वाचता येत होते.

‘काय व्हयनं ताई?’ आबा बडगी पुसत मागे येऊन उभे राहिले.

‘आबा, या काड्या कुठून आणल्यात?’

‘शेडमातून. बाहेरन्या वल्ल्या व्हत्यात. या चांगल्या कोरड्या व्हत्यात...’ मग त्यांनी माझ्या हातातली पट्टी पाहिली. त्या पट्ट्या तारेला ओवायला त्यांनीच मला मदत केली होती. ‘बठ्ठं जयी गयं का?’

सगळं जळालं का, एवढंच त्यांनी विचारलं. मी मान हलवली. ते काही बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, नंतरही कधी नाही. ‘चुकलं माझं’ एवढं जरी म्हणाले असते तरी मला ‘जाऊ द्या आबा’ म्हणून मोकळं होता आलं असतं. त्यांनी तीही सोय ठेवली नाही.

कांतिभाऊ धावत आले. त्यांचा चेहरा खरोखर उतरला होता. पण बोलले काय? ‘पण ताई, तुमच्याकडे मार्कर आहेत ना? त्यांच्यावरून परत काढता येईल ना?’

अहो कांतिभाऊ, दारावरची पाटी शिल्लक आहे म्हणून जळालेलं घर परत उभं राहतं का? मार्कर झाड ओळखतो, झाड घडवत नाही! हे मी मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं, ‘मागच्या पिढीचं थोडं बी फ्रिजमध्ये आहे. पुन्हा तिथून सुरू करावं लागेल.’ त्यांनी मान डोलावली, आणि दिवाळीला निम्मी जमीन कांद्याला दिली. उरलेल्या निम्म्यात मी पुन्हा पेरलं, पुन्हा टिकल्या कापल्या, पुन्हा बर्फाचा डबा. पहिल्याच वर्षी ढगाळ हवेत माव्याची कीड अशी पडली की शेंडे काळे झाले. दुसऱ्या वर्षी प्रयोगशाळेचे निकाल आले तेव्हा फुलं येऊन गेली होती. सरकारी शाळेतल्या नापास मुलासारखी मी त्याच वर्गात बसून राहिले आणि माझ्याबरोबर शिकलेले लोक मोठ्या शहरांत मोठ्या खुर्च्यांवर गेले. भेटले की विचारतात, ‘अजून मोहरीच का?’ हो, अजून मोहरीच.

पण खरी चीड याची नाही. खरी चीड अशी की ते भरीत लोक विसरायला तयार नाहीत. दर हिवाळ्यात पार्टी होते, दर हिवाळ्यात कुणीतरी बोटं चाटत म्हणतं, ‘त्या वर्षीच्या भरिताची सर नाही.’ रावेरचे भाऊ तर मला बघितलं की लांबूनच ओरडतात, ‘मॅडम, यंदा मोहरीच्या काड्या नाहीत का?’ आणि सगळे हसतात. मीही हसते, काय करणार. माझ्या तेलाचा थेंब अजून कुणी चाखलेला नाही, कारण घाण्याला घालण्याइतकं बी कधी झालंच नाही. माझ्या कामाची जगाला ठाऊक असलेली एकमेव चव म्हणजे ते भरीत. अक्काला सांगितलं तेव्हा ती हसली नाही हे तिचे उपकार. फक्त म्हणाली, ‘वास ते चांगला उना व्हता ना?’ आला होता, अक्का. तोच तर त्रास आहे.

यंदा पुन्हा तिथवर आले आहे. मूठभर झाडं, दोन्ही जनुकं जोडीने निजलेली, काटक, भरलेली. कापून, जुड्या बांधून, पट्ट्या अडकवून शेडमध्ये ठेवली आहेत, कारण दुसरी कोरडी जागाच नाही. माझ्या खोलीत उंदीर आहेत. शेडसाठी कुलूप मागितलं तर कांतिभाऊ म्हणाले, ‘ताई, शेडला दारच नाही, कुलूप कशाला लावणार?’ हे खरं होतं. आणि मळणीच्या आधी पार्टी. तारीख बदला म्हटलं तर विक्रेत्यांना निरोप गेलेले. मी दोन दिवस नीट जेवले नाही. शेवटी ठरवलं, आपणच शेडमध्ये खुर्ची टाकून बसायचं, हसले तर हसले.

दुपारी खुर्ची घेऊन गेले तर दगडूआबा आधीच तिथे बसलेले. मागच्या भिंतीला, जुड्यांच्या समोर, गोणपाट अंथरून, काठी मांडीवर आडवी ठेवून.

‘आबा, भरीत?’

‘करी लेतीन कोनी भी,’ ते माझ्याकडे न बघता म्हणाले. मग मांडीवरची काठी सरळ करत, ‘तू जाय. मी आठेच शे.’

घेतील कुणीही करून, तू जा, मी इथेच आहे! दगडूआबांनी भट्टी दुसऱ्याच्या हाती दिली, हे आमच्या शेतावर कुणी ऐकलेलं नव्हतं. वांगी ट्रॅक्टर ड्रायव्हरने भाजली. त्याने जीव लावून भाजली, पण ते काही त्याचं काम नव्हे. जेवणावळीत लगेच कुरकुर सुरू झाली. गाठी लागतात, आत कचवट आहे, आबा कुठे आहेत? रावेरचे भाऊ ताटाकडे बघत म्हणाले, ‘काय हे, मॅडम.’ त्यांना पहिल्यांदाच विनोद सुचला नाही.

मी एक ताट वाढून शेडमध्ये नेलं. आबांनी पुरीचा तुकडा मोडला, भरीत घेतलं, तोंडात घोळवलं. जुड्या त्यांच्या पाठीमागे भिंतीला टेकून उभ्या होत्या, पट्ट्या वाऱ्याने हलत होत्या.

‘कच्चं शे,’ ते म्हणाले. ‘जाळ कमी पडना, ताई.’

‘पडू द्या आबा,’ मी म्हटलं, आणि त्यांच्या ताटातलं थोडं मीही घेतलं.